नवरा सोडा, मुकुट घ्या

पत्र :

"सप्रेम नमस्कार. मी सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेसाठी लिहिते. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला जेरुसलेमची राणी सिबिला हिच्यावर दोन अंकी नाटक करायचं ठरलंय. परवा पहिलं वाचन झालं आणि सगळं ढेपाळलं. पहिल्या वीस मिनिटांत पाच बाल्डविन येतात. पाचव्याच्या वेळी दिग्दर्शकांनी हात जोडले. त्यांच्या तीन प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तर नाही. एक, कुष्ठरोगी राजाला मूल नव्हतं तर त्याने सरळ दत्तक का घेतला नाही? दोन, राज्य बहिणीचं, मग ते तिच्या नवऱ्याच्या हातात कसं जातं? तीन, सगळे सरदार ज्याला नालायक म्हणत होते त्याच नवऱ्याच्या डोक्यावर तिने मुकुट ठेवला, म्हणजे ती प्रेमात आंधळी होती की मूर्ख? ते म्हणतात, यातलं एक काय ते ठरवा, मग तालमी. मी सगळी भिस्त त्या काळचा बखरकार टायरचा विल्यम याच्यावर ठेवली आहे. वंशावळीचा मोठा तक्ता नेपथ्यातच टांगावा, असंही मनात आहे. — एक नाटकवाली, सांगली"

ताई,

तक्ता टांगू नका. तक्त्यावरून कोण कुणाचा कोण एवढं कळेल, पण गादी त्यालाच का मिळाली ते कळणार नाही. त्या राज्याची सुरुवातच पाहा. पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे युरोपातून निघालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, लोकांनी जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम घेतलं आणि आपल्यातूनच गॉडफ्रेला निवडलं. तो वर्षभरात वारला. त्याचा भाऊ बाल्डविन एडेसाहून निघून आला आणि ११०० च्या नाताळात बेथलेहेमला त्याचा राज्याभिषेक झाला. १११८ मध्ये तोही निपुत्रिक गेला. आता तक्त्याप्रमाणे हक्क थोरला भाऊ युस्टेस याचा. तो फ्रान्समध्ये होता, त्याला बोलावणंही गेलं. पण राजाची अंत्ययात्रा जेरुसलेमात शिरत होती नेमक्या त्याच दिवशी नात्यातला दुसरा एक बाल्डविन, तोही एडेसाचाच काउंट, शहरात येऊन पोचला. सरदारांनी त्याला निवडलं. युस्टेस बिचारा दक्षिण इटलीपर्यंत आला, तिथे बातमी ऐकली आणि आल्या वाटेने परत गेला. तेराव्या शतकात तिथल्या कायदेपंडितांनी याच व्यवहाराला नियमाचं रूप दिलं : हक्क सांगायला जे पूर्वेत स्वतः हजर होतील, त्यांच्यातला सर्वांत जवळचा नातलग तो वारस. लांब बसून हक्क सांगणाऱ्याचा तिथे उपयोग नव्हता.

तेव्हा तुमच्या प्रत्येक प्रवेशात आधी हे ठरवा की त्या दिवशी शहरात कोण आहे, वेशीची किल्ली कुणाकडे आहे आणि कोण अजून वाटेत आहे. नाट्य तिथूनच मिळेल.

आता दत्तकाचं. दिग्दर्शकांचा प्रश्न आपल्या मातीतला आहे. सातारची गादी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झाली, हे आपण शाळेत शिकलेलो असतो; त्यामुळे निपुत्रिक राजा म्हटलं की पुढचा शब्द आपसूक दत्तक येतो. फ्रँक, म्हणजे युरोपातून येऊन तिथे वसलेल्या, लोकांच्या रिवाजात दत्तक घेतल्याने जहागीर किंवा राज्य मिळत नसे. रक्ताचा वारस हवा, आणि तोही चर्चने मान्य केलेल्या लग्नातून झालेला. पहिली बायको जिवंत असताना दुसरी करता येत नसे. लग्नाबाहेरचा मुलगा कितीही कर्तबगार असो, गादीच्या रांगेत तो उभाच नव्हता. म्हणजे आपल्या राजेरजवाड्यांना असलेल्या पळवाटा इथे बंद. उरत होत्या त्या मुली आणि बहिणी.

एक गंमत मात्र आहे. फ्रँकांना त्या मुलखात पहिलं राज्य मिळालं ते दत्तक जाऊनच. एडेसाचा आर्मेनियन अधिपती थोरोस निपुत्रिक होता. १०९८ मध्ये त्याने वर सांगितलेल्या पहिल्या बाल्डविनला मुलगा म्हणून घेतलं. विधी असा, की दोघांनी एकाच सदऱ्यात शिरून उघड्या छातीला छाती लावायची. मार्च उजाडला तो शहरात उठाव झाला, थोरोसला लोकांनी ठार मारलं आणि दत्तक पुत्र गादीवर बसला. त्या उठावात पुत्राचा हात किती होता यावर अजून वाद आहेत. दिग्दर्शकांना ही गोष्ट चहाच्या वेळी सांगा, दत्तकाचा हट्ट सुटेल. नाटकात घालू नका. ते दुसरं नाटक आहे.

दुसरा प्रश्न खरा कळीचा, आणि तुमच्या संहितेत नेमका तोच पळवल्यासारखा वाटतो. मुलगी वारस होऊ शकते, पण जहागिरीवर लष्करी चाकरी लागू असते आणि ती घोड्यावर बसून पुरुषानेच बजवायची. म्हणून वारस मुलीला किंवा विधवेला तिचा धनी लग्नाचा हुकूम काढू शकत असे. तिथल्या कायद्यात याची रीत होती : धन्याने तिच्यापुढे तीन वर ठेवायचे, तिने एक निवडायचा. साठी उलटेपर्यंत ही टांगती तलवार राही. लग्न झालं की जहागीर चालवायची ती नवऱ्याने, आणि तीही बायकोच्या हक्कावर. बाई गेली की नवऱ्याचं काय हा प्रश्न पुन्हा उघडा.

त्रिपोलीच्या राज्यातल्या बोत्रोन गावच्या वारस मुलीची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. जेरार्ड द रिदफोर्त नावाच्या शिलेदाराला त्रिपोलीच्या काउंट रेमंडने एखादं घसघशीत लग्न लावून देण्याचा शब्द दिला होता. बोत्रोनची मुलगी वारस ठरली तेव्हा काउंटने ती दिली पिसाच्या एका व्यापाऱ्याला, आणि तिच्या वजनाइतकं सोनं मोजून घेतलं असं जुन्या फ्रेंच बखरीत सांगितलंय. जेरार्ड चिडून टेम्पलर या लढवय्या संन्याशांच्या पंथात शिरला, पुढे त्यांचा प्रमुखही झाला. ११८६ मध्ये जेरुसलेमच्या खजिन्याच्या तीन किल्ल्यांपैकी एक याच माणसाच्या कमरेला होती, आणि रेमंडचा डाव उधळायला तो टपूनच बसला होता. तुमच्या संहितेत जेरार्ड नुसता 'कट्टर धर्मवेडा' म्हणून येतो. त्याला हे हुकलेलं लग्न द्या, पात्र लगेच उभं राहील.

नवऱ्याच्या हातात राज्य जातंच, असं मात्र लिहू नका. सिबिलाची आजी मेलिसेंद आठवा. दुसऱ्या बाल्डविनला चार मुलीच, थोरली मेलिसेंद. तिच्यासाठी फ्रान्सातून आँजूचा काउंट फुल्क आणला. ११३१ मध्ये मरताना बापाने राज्य जावयाला दिलं नाही, तर जावई, मुलगी आणि पाळण्यातला नातू अशा तिघांना मिळून दिलं. फुल्कने तरी बायकोला बाजूला सारून आपली आँजूची माणसं किल्ल्या-किल्ल्यांवर बसवायला सुरुवात केली. ११३४ मध्ये राणीचा नातलग, जाफाचा काउंट ह्यू उठला. राणीचं आणि त्याचं सूत असल्याची कुजबुज झाली. असल्या कुजबुजी कधी सुरू होतात हे तुम्हाला सांगायला नको. ह्यूला तीन वर्षांच्या हद्दपारीवर निभावलं. जहाजाची वाट पाहत तो जेरुसलेमच्या बाजारात एका दुकानापुढे सोंगट्या खेळत बसला असताना एका ब्रेटन शिलेदाराने त्याला भोसकलं. तो त्यातून वाचला, पण पुढे परमुलखातच मेला. संशय थेट राजावर आला. त्यानंतर महिनोन् महिने राणीच्या भीतीने राजाची माणसं दरबारात यायला धजेनात, आणि फुल्क असा वरमला की क्षुल्लक गोष्टसुद्धा बायकोला विचारल्याशिवाय करीना, असं विल्यम लिहितो. ११४३ मध्ये सशामागे घोडा घालताना फुल्क पडून मेला, तेव्हा मेलिसेंदने मुलाबरोबर स्वतःलाही मुकुट घालून घेतला आणि तो बावीस वर्षांचा होईपर्यंत सत्ता सोडली नाही. मुलाने अखेर ११५२ मध्ये तिला दाविदाच्या बुरुजात कोंडून वेढा दिला तेव्हा कुठे ती नाब्लुसला जाऊन राहिली.

अँटिऑकची कॉन्स्टन्स ही मेलिसेंदची भाची. आठ-नऊ वर्षांची असताना तिचं लग्न युरोपातून आलेल्या रेमंड द प्वातिए याच्याशी लावलं. तिच्या विधवा आईला शेवटपर्यंत वाटत होतं की तो नवरदेव आपल्यासाठी आलाय. ११४९ मध्ये रेमंड लढाईत पडला. कॉन्स्टन्सने मावशीकडून, मावसभावाकडून, सगळ्यांकडून आलेली स्थळं नाकारली, राजाने पुढे केलेले तीनही वर परत पाठवले आणि ११५३ मध्ये रेनाल्ड द शातिलाँ नावाच्या एका सामान्य शिलेदाराशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. विल्यमला हे अजिबात पटलं नव्हतं. रेनाल्डचा पुढचा इतिहास पाहता त्याला दोष देववत नाही, पण बाईने मन चालवलं हे खरं.

एवढं सगळं नाटकात येणार नाही, येऊही नये. पण सिबिला ज्या घरात वाढली त्या घरातल्या बायकांना लग्न म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं, हे तुमच्या मनात पक्कं असू द्या. मग तिसऱ्या प्रश्नात 'आंधळी की मूर्ख' एवढेच दोन पर्याय का, असं तुम्हालाच वाटू लागेल.

माझ्या मते तुमचं नाटक प्रेमाचं नाही आणि मूर्खपणाचंही नाही. सरदारांनी एकाच घरात तीनदा तीच अट घातली, आणि तिघांनी तिला तीन उत्तरं दिली, याचं ते नाटक आहे.

पहिली वेळ ११६३. मेलिसेंदचा थोरला मुलगा, तिसरा बाल्डविन, मूलबाळ नसताना वारला. धाकटा अमॉरी वारस. पण सरदार अडून बसले : तुझी बायको अॅग्नेस आम्हाला राणी म्हणून नको, तिला सोड, मग मुकुट घे. कारण पुढे केलं ते जवळच्या नात्याचं. अमॉरीने बायको सोडली, फक्त दोन्ही मुलांना औरस धरावं एवढं कबूल करून घेतलं. ती मुलं म्हणजे सिबिला आणि पुढे कुष्ठरोगी राजा झालेला चौथा बाल्डविन. अॅग्नेस दरबारातून गेली ती मुलगा ११७४ मध्ये राजा होईपर्यंत. सिबिला बेथनीच्या मठात, मेलिसेंदची धाकटी बहीण इव्हेत तिथली मठाधिपती होती, तिच्याजवळ वाढली. ती आईवेगळी का वाढली, याचं उत्तर या एका अटीत आहे.

दुसरी वेळ ११८६. सिबिलाचा पहिला नवरा, माँफेराचा विल्यम, ११७७ मध्ये लग्नाला वर्ष व्हायच्या आत वारला. त्याच्या मागे झालेला मुलगा पाचवा बाल्डविन. ११८० च्या ईस्टरला राजाने तिचं दुसरं लग्न घाईघाईने गी द लुझिन्याँ नावाच्या, फ्रान्सातून आलेल्या शिलेदाराशी लावलं. टायरचा विल्यम सांगतो, त्रिपोलीचा रेमंड आणि अँटिऑकचा राजपुत्र फौज घेऊन येत असल्याची राजाला धास्ती होती. बहिणीचं लग्न आपल्याला हवं तिथे ते लावतील, त्याच्या आत त्याने उरकलं. तीन वर्षांत राजाचं गीशी बिनसलं. त्याने त्याला कारभारीपदावरून काढलं, छोट्या भाच्याला सहराजा केलं आणि लग्न मोडायची खटपट सुरू केली. गी अॅस्कलॉनला गेला, बायकोही त्याच्याकडे गेली. राजा आजारी देहाने अॅस्कलॉनपर्यंत आला, वेशी बंद होत्या, कुणी उघडल्या नाहीत. हे लक्षात घ्या. नवरा सोड असं सिबिलाला सांगण्यात आलं ते ११८६ मध्ये पहिल्यांदा नव्हे. भाऊ, तोही राजा, सांगत होता तेव्हाही तिने ऐकलं नव्हतं.

कुष्ठरोगी राजा ११८५ मध्ये गेला. मरताना त्याने सरदारांकडून शपथ घेतली होती : पोरगा दहा वर्षांचा व्हायच्या आत गेला, तर सिबिला की सावत्र बहीण इसाबेला याचा निवाडा पोप, जर्मन सम्राट, फ्रान्सचा राजा आणि इंग्लंडचा राजा या चौघांनी करावा. समुद्रापलीकडच्या चार माणसांचं एकमत होईपर्यंत गादी रिकामी ठेवायची! पोरगा ११८६ मध्ये अक्रा इथे वारला आणि शपथ तिथेच संपली. सिबिलाचा मामा जोसलिनने रेमंडला गोड बोलून तिबेरियासला धाडलं आणि इकडे अक्रा ताब्यात घेतलं. सिबिला मुलाच्या अंत्यविधीला म्हणून जेरुसलेमला आली ती शिबंदी घेऊनच. शहराच्या वेशी बंद झाल्या. बाकीचे सरदार नाब्लुसला बसून राहिले. कोण शहरात आणि कोण बाहेर, हा मघाचाच प्रश्न.

पुढे जे झालं त्याच्या दोन हकिगती आहेत, आणि तुम्ही त्या एकाच प्रवेशात कालवल्यात म्हणून तो प्रवेश धड होत नाही. एका हकिगतीत तिच्या बाजूचे सरदारही अट घालतात : गीला सोड, मग तुला राणी करतो. ती म्हणते, सोडते, पण नवा नवरा मी माझ्या मनाने निवडणार, शपथ घ्या. ते शपथ घेतात. मुकुट डोक्यावर आल्यावर ती सगळ्यांसमोर गीला बोलावते आणि सांगते, माझी निवड हाच. दुसऱ्या हकिगतीत घटस्फोटाचा शब्दच नाही. पेट्रिआर्क, म्हणजे जेरुसलेमचा मुख्य धर्मगुरू, हेराक्लियस तिला मुकुट घालतो, दुसरा मुकुट तिच्या हाती देतो आणि म्हणतो, तू बाईमाणूस, राज्य चालवायला ज्याच्यावर तुझा विश्वास असेल त्याला हा दे. ती गीला देते. रंगमंचाला पहिली हकिगत हवी, यात शंका नाही. पण किल्ल्यांची घटना दुसरीतली आहे : खजिन्याच्या तीन किल्ल्या, एक पेट्रिआर्ककडे, एक जेरार्डकडे, एक हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या पंथाच्या प्रमुखाकडे, तो आधी देईना, शेवटी वैतागून त्याने ती भिरकावली. दोन्ही घ्या, बिघडत नाही. फक्त किल्ल्या आधी येऊ द्यात आणि अट नंतर.

तिने असं का केलं? उत्तर तुमच्या लेखणीवर आहे, पण पाया सांगते. अट मान्य केली असती तर ती बापासारखीच मुकुटासाठी जोडीदार सोडणारी झाली असती, आणि नवा नवरा निवडला असता तो सरदारांनी. गीपासून तिला मुली होत्या. आईचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. आणि सरदारांच्याच शपथेच्या दोरीने सरदारांना बांधणारी बाई मूर्ख नसते. तिचं गीवर प्रेम होतं का? असेलही, तिच्या वागण्यात त्याविरुद्ध काही सापडत नाही. पण एवढ्यावर दोन अंक रेटू नका.

तिसरी वेळ ११९०. हत्तीनच्या लढाईत सुलतान सलाद्दीनपुढे सैन्य बुडालं, जेरुसलेम गेलं, गी कैदेतून सुटून अक्राला वेढा देऊन बसला होता. त्या छावणीत रोगराईने सिबिला आणि तिच्या दोन्ही मुली गेल्या. गीचा मुकुट बायकोच्या हक्काचा, तो त्या दिवशी सैल झाला. सरदार इसाबेलाकडे वळले. अट तीच : नवरा सोड. तिचा नवरा हम्फ्री सौम्य, शिकलेला, सरदारांच्या कामाचा नव्हे. ती म्हणत होती, माझं याच्यावर प्रेम आहे. पण तिची आई मरिया कोम्नेने हिनेच तिला बजावलं की हा नवरा ठेवलास तर राज्य विसर. लग्न ११८३ मध्ये झालं तेव्हा मुलगी अकरा वर्षांची, म्हणजे चर्चच्या वयाला एक वर्ष कमी. तेवढा धागा धरून लग्न रद्द केलं आणि २४ नोव्हेंबर ११९० ला तिला टायर वाचवणाऱ्या काँराद द माँफेराच्या गळ्यात बांधलं. हा काँराद म्हणजे सिबिलाच्या पहिल्या नवऱ्याचा भाऊ, आणि कॉन्स्टँटिनोपलला त्याची बायको जिवंत असल्याचं बोललं जात होतं. कँटरबरीच्या आर्चबिशपने विरोध केला, पण लग्नाआधी पाच दिवस तो वारला. त्याचंही नाव बाल्डविन. दिग्दर्शकांना सांगू नका.

बापाने ऐकलं, थोरलीने फसवलं, धाकटीला ऐकावं लागलं. हा तुमचा कणा. अॅग्नेसला पहिल्या अंकात बोलकं करा, तिच्या तोंडी ११६३ येऊ द्या, म्हणजे मागे जाणारा प्रवेश लिहावा लागणार नाही.

विल्यमबद्दल. तो उत्तम आहे, राजाचा शिक्षक होता. मुलं खेळताना चिमटे काढत असत आणि राजपुत्राला दुखत नसे, यावरून रोग पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आला. तो परिच्छेद वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल. पण त्याचा ग्रंथ ११८४ लाच थांबतो. तुमचा मुख्य प्रसंग ११८६ चा. तुम्ही विल्यमच्या नावावर जे संवाद घातलेत ते त्याच्या फ्रेंच पुरवण्यांतले आहेत, आणि त्या इबेलिन घराण्याच्या बाजूने झुकलेल्या आहेत. शिवाय ११८० मध्ये पेट्रिआर्कचं पद विल्यमला न मिळता हेराक्लियसला मिळालं, आणि ते अॅग्नेसच्या वजनाने मिळालं असं तेव्हा मानलं जाई. तेव्हा अॅग्नेसबद्दलची त्याची वाक्यं जशीच्या तशी पात्राच्या तोंडी देऊ नका. सिबिलाच्या सावत्र आईच्या, मरियाच्या तोंडी दिलीत तर शोभतील.

ही सावत्र आईची आणि तिच्या दुसऱ्या सासरच्या इबेलिनांची बाजू तुमच्याकडे फारच अंधूक आहे. इबेलिन हे काही जुनं घराणं नव्हे. मूळ पुरुष जाफाच्या काउंटचा एक अधिकारी. ११३४ च्या बंडात तो आपल्या धन्याला सोडून राजाकडे गेला, पुढे त्याला इबेलिनचा किल्ला मिळाला, आणि लग्नातून रामल्याची जहागीर घरात आली. तिन्ही मुलांनी तोच धंदा केला. थोरल्याने, ह्यूने, अमॉरीने सोडलेल्या अॅग्नेसशी लग्न केलं. बेलियनने ११७७ मध्ये अमॉरीच्या विधवेशी, म्हणजे मरियाशी लग्न केलं आणि नाब्लुस मिळवलं. त्यामुळे इसाबेला त्याची सावत्र मुलगी. मधल्या भावाचा डोळा सिबिलावरच होता असं पुरवण्यांत म्हटलंय. त्याने गीपुढे मान तुकवली नाही, जहागीर मुलाला सोपवून तो अँटिऑकला निघून गेला. या घराला गी का नको होता? तो बाहेरचा, प्वातूचा, गरीब, आणि येताना आपली माणसं आणणार. पन्नास वर्षांपूर्वी फुल्कबद्दल हीच तक्रार होती. 'नालायक' हा शब्द नंतर आला.

गीला विदूषक करण्याचा मोह आवरा. ११८३ मध्ये कारभारी असताना त्याने मोठी फौज जमवली आणि सलाद्दीनसमोर लढाई टाळली. सलाद्दीनला परत जावं लागलं. यावर सरदारांनी त्याला भ्याड ठरवलं, पद गेलं. ११८७ मध्ये रेमंड सांगत होता की पाणी सोडून पुढे जाऊ नका. गी गेला, आणि ४ जुलैला हत्तीनला सर्वस्व गमावलं. न लढल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस दुसऱ्यांदा काय करील? या प्रश्नावर एक स्वगत लिहा, विनोदी अजिबात नको. आणि कृपा करून इंग्रजी पुस्तकांतला 'गाय' हा उच्चार उचलू नका. "गाय राजा झाला" या वाक्यावर सांगलीत जो हशा येईल त्यातून तुमचा अंक वर येणार नाही. फ्रेंच उच्चार गी, तोच ठेवा.

नावांची गर्दी कमी करायला सोपा मार्ग आहे. फ्रँक एकमेकांना गावावरूनच ओळखत. तुम्हीही 'त्रिपोली', 'रामला', 'नाब्लुस' अशी हाक मारू द्या, आपल्याकडे नागपूरकर, जतकर म्हणतो तसं. चौथा बाल्डविन 'राजा', पाचवा 'बाळ', बाकीचे तीन 'थोरले महाराज' म्हणून उल्लेखात. रामल्याच्या बाल्डविनला, म्हणजे इबेलिनांच्या त्या मधल्या भावाला, तर नावच देऊ नका. सुरुवात ११७४ पासून नको, बाळाच्या अंत्ययात्रेपासून करा. केराकच्या किल्ल्यातल्या इसाबेला-हम्फ्रीच्या लग्नाचा प्रवेश काढून टाका. बाहेर सलाद्दीनचे तोफगोळ्यांसारखे दगड आदळताहेत आणि आत वरात, हे चित्र सुंदर आहे, पण त्यात सिबिला नाही आणि तुमच्याकडे ते दगड आदळवायला पैसेही नाहीत.

शेवट राज्याभिषेकावर नको. टाळ्या मिळतील, पण मग तिने फक्त बाजी मारली असं होईल. दुसरा अंक अक्राच्या छावणीत संपवा, सिबिला मेल्यावर, इसाबेलाच्या तंबूत बिशप प्रश्न विचारताहेत तिथे. नायिका शेवटच्या प्रवेशात नाही म्हणून दिग्दर्शक भांडतील; भांडू द्या. त्या प्रवेशात हम्फ्रीला एका फ्रेंच सरदाराने द्वंद्वाचं आव्हान देऊन हातमोजा पुढे टाकला आणि त्याने तो उचलला नाही, अशी नोंद आहे. हाच हम्फ्री ११८६ मध्ये नाब्लुसच्या सरदारांनी राजा करायचं ठरवल्यावर रातोरात पळून जेरुसलेमला सिबिलाच्या पायाशी गेला होता. म्हणजे दोन्ही अंकांत तो एकेकदा नाही म्हणतो, आणि दोन्ही वेळा गादी कुणाची ते त्यामुळे ठरतं. हे काम तुमच्या सगळ्यांत चांगल्या नटाला द्या. संवाद कमी म्हणून तो कुरकुर करील, पण ऐकू नका.